राब न भाजलेलं वर्ष

पेठच्या बाजूला आमचा पाडा आहे. तिथे नागलीचं, म्हणजे नाचणीचं, रोप टाकण्याआधी जमीन भाजतात. ऐनाच्या फांद्या छाटून वाळवायच्या, वर पालापाचोळा, शेण, माती पसरायची आणि उन्हाळ्यात पेटवून द्यायचं, याला राब म्हणतात. तण मरतं, राखेत रोप तरारून येतं. झाड काही मरत नाही, ते पुन्हा फुटतं. शहरात गंगापूर रोडला राहायला आल्यापासून मी हे कितीदा तरी लोकांना समजावलंय आणि दर वेळी माझंच डोकं फिरलंय.

एका हिवाळ्यात कुठल्याशा कंपनीची माणसं गाड्या घेऊन पाड्यावर आली. आमच्या डोंगरातली झाडं राखायची, फांदी तोडायची नाही, आग लावायची नाही. म्हणजे परदेशातल्या कुठल्याशा कारखान्याच्या धुराची भरपाई होणार म्हणे. धूर त्यांनी करायचा आणि राब आम्ही विझवायचा! वडिलांनी त्यांना चहा पाजला, पाड्याने सगळं ऐकून घेतलं आणि कोणी काही बोललं नाही.

आमच्याकडे पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. घरी जायचं, आपसात बोलायचं आणि नको असेल तर दुसऱ्या बैठकीला फिरकायचंच नाही. सोयरिकीसुद्धा अशाच मोडतात. मुलाकडचे मुलीच्या घरच्या रिकाम्या ओट्यावर थोडा वेळ बसतात, काय ते समजतात आणि मनात काही न ठेवता उठतात. कंपनीच्या दुसऱ्या बैठकीला पाड्यातलं एकही माणूस गेलं नाही. त्यांनी वाट पाहिली, कुणाची हरकत नाही असं धरलं आणि काम पक्कं करून टाकलं. कराराची मुदत इतकी लांब, की माझी शाळेत जाणारी मुलगी तोवर सासू झालेली असेल.

उन्हाळ्यात डोंगराला राखणदार बसले. आईने राब न भाजताच नागली टाकली. पाऊस लागल्यावर मी गेलो तेव्हा ती वाफ्यात उकिडवी बसून गवत उपटत होती आणि गवताबरोबर रोपही हातात येत होतं. मला रडू आलं. लावणीपुरतं रोप त्या वर्षी झालंच नाही.

मग वडील मला घेऊन तालुक्याला कंपनीच्या माणसाकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला तोंडावर नको म्हटलं. तो माणूस उद्धट नव्हता, त्याचाच मला जास्त राग आला. तेव्हाच बोलायला हवं होतं बाबा, आता ठरलंय, असं त्याने समजुतीने सांगितलं.

"आमी कोनीच आलो नवतो," वडील म्हणाले. "याच्याहून मोठ्यानं नाय कसं म्हनत्यात?"

त्याला ते कळलं नाही. त्याने आम्हाला पाणी दिलं.

दिवाळीनंतर आईवडील दोघं दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरीला गेली. मी भेटायला गेलो तेव्हा आई झोपडीत भाकरी थापत होती. भाकरी नागलीची पाहून मला बरं वाटलं, म्हणून ही कुठून आणली असं विचारलं.

"बियाची व्हती," ती म्हणाली. "दळली."