एका बॉक्सवर दोन टीव्ही

आमच्या गल्लीतले शिंपीमास्तर म्हणजे मुलखाचा अबोल माणूस. कुणी भांडायला आलं तरी आधी बायकोकडे बघतील, काय बोलू म्हणून. तोंडात टाचण्या धरून काम करता करता बोलायची सवयच गेली असावी. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली: कापायचं टेबल, शिलाई मशीन आणि भिंतीवर टीव्ही. बोलायचं खातं काकूंकडे. काजं-बटणं करता करता त्या मालिकेतल्या सासूलाही झापायच्या आणि पोट आत ओढून माप देणाऱ्या गिऱ्हाइकालाही.

मग काकू पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं. डॉक्टरांनी बजावलं की आता वॉकर धरून रोज उठायचं, नाहीतर पाय कायमचे आखडतील. पण काकूंनी आतल्या खोलीतला पलंग धरला तो धरलाच. उठायचं नाव नाही, दोन घास खाऊन ताट परत, आणि तोंडाला कुलूप. हो आणि नको, बस्स. मास्तरांचं धाबं दणाणलं. ही अशीच पडून पडून हातची जाते की काय, या भीतीने त्यांना कात्री धरवेना.

करमणूक तरी होईल म्हणून त्यांनी आत टीव्ही लावायचं ठरवलं. मुलीकडचा जुना टीव्ही पडूनच होता. डिशच्या कंपनीला फोन केला तर तिथली बाई गोड आवाजात म्हणाली, दुसरा टीव्ही म्हणजे दुसरा बॉक्स, आणि त्याचे महिन्याचे पैसेही वेगळे. मास्तरांनी तितक्याच गोडीने फोन ठेवून दिला.

काकूंचा धाकटा भाऊ टीव्ही दुरुस्त करतो. तो म्हणाला, वेगळा बॉक्स हवाय कुणाला? बॉक्सच्या मागे वायर लावायला दोन जागा असतात. एक वायर या टीव्हीला, दुसरी आतल्याला. कनेक्शन तेच, जास्तीचा खर्च नाही. तो पुढेही काहीतरी सांगत होता, पण मास्तर तोवर टेप काढून भिंत मोजायला लागले होते.

वायर आत नेली तेव्हा पलंगामागे हे एवढं भेंडोळं उरलं. मेहुण्याने विचारलं, "दाजी, एवढी जास्तीची कशाला?"

"माया ठेवलीय," मास्तर म्हणाले. शिंप्यांची भाषा ती. पुढेमागे कपडा सैल करायची वेळ आली तर असावं म्हणून शिलाईच्या आत थोडं कापड सोडतात, ती माया.

पलंगावरून आवाज आला, "चला, एवढ्या संसारात माझ्या वाट्याला आली एकदाची. तीही वायरीत."

मास्तर जागच्या जागी थबकले. कितीतरी दिवसांनी बाई आख्खं वाक्य बोलली होती, आणि तेही टोमणा! त्यांना इतका आनंद झाला की बाहेर जाऊन त्यांनी एका शर्टाला कॉलर उलटी लावली.

टीव्ही झकास लागला. पण मेहुणा पुढे काय सांगत होता ते आता कळलं. बॉक्स एक म्हणजे चॅनलही एकच. बाहेर जे दिसेल तेच आत, आणि रिमोट चालणार फक्त बाहेर, बॉक्ससमोर. मास्तरांना काम करताना जंगलातले प्राणी बघायची हौस. त्या दुपारी आत काकूंच्या मालिकेत सुनेवर चोरीचा आळ आला होता. बिचारी खरं काय ते सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात बाहेर सवयीने मास्तरांचा अंगठा पडला. सून गेली आणि तिच्या जागी मगर तोंड उघडून बसली.

काकूंनी हाका मारल्या. मशीनच्या आवाजात मास्तरांना कुठलं ऐकू यायला? काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. थोड्या वेळाने मास्तरांनी दोरा ओवायला मशीन थांबवलं, मान वर केली, तर दारात काकू उभ्या. हाताखाली वॉकर, केस विस्कटलेले, कपाळावर घाम, पाय लटपटतायत.

"द्या इकडे तो रिमोट."

मास्तरांनी मुकाट्याने दिला. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला की ही पलंगापासून इथवर आपल्या पायांनी आली आहे. त्यांनी धडपडत खुर्ची पुढे केली आणि गळ्यातल्या टेपनेच डोळे पुसायला लागले.

"रडताय काय?" काकू म्हणाल्या. "सुटेल हो सून."

तेव्हापासून रोज मालिका ऐन रंगात आली की मगर हजर. काकू तणतणत उठायच्या, बाहेर यायच्या, मास्तरांची यथेच्छ खरडपट्टी काढायच्या आणि मालिका लावून परत जायच्या. जेवण वाढलं, आवाज वाढला. मास्तरांना म्हातारपणी वात्रटपणा सुचलाय, असं गल्लीत सगळे म्हणायला लागले, आणि मास्तर मात्र शिव्या खाऊन गालात हसायचे.

शेवटी मेहुण्याला बहिणीची दया आली. तो एक छोटंसं यंत्र घेऊन आला. हे पलंगाशेजारी ठेवलं की रिमोट आतूनच चालेल, म्हणाला, ताईला उठायला नको.

मास्तरांनी एकदा आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"घेऊन जा रे बाबा ते परत. आज भांडायला आली तेव्हा वॉकर आतच विसरली होती."