रुमालाखाली ठरलेली वेळ

दवाखान्यातले किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. रजिस्टर ठेवलं की ते आपोआप साठत जातात. ठरल्या वेळी न आलेल्या पेशंटच्या नावापुढे मी लाल पेनने फुली मारायचो. प्रत्येक फुलीमागे काहीतरी असतं, हे कळायला मला बरेच दिवस लागले.

आमचा दवाखाना शाहूपुरीत, पहिल्या मजल्यावर. फिजिओथेरपीचा. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मोबाईल अजून आमच्या पेशंटांपर्यंत पोचले नव्हते. मी नववीतून शाळा सोडलेली, पण अक्षर बरं होतं, म्हणून डॉक्टरबाईंनी अपॉइंटमेंटचं काम माझ्याकडे दिलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "महादेव, हात-पाय कुणाची वाट बघत नाहीत. लकव्याच्या पेशंटला पहिले सहा महिने सोन्याचे. एकेक दिवस चुकला की तेवढा हात गेला असं समज. फुल्या कमी करायच्या, एवढंच तुझं काम."

एवढंच!

*

पहिला उपाय फोनचा. पेशंटच्या घरी फोन नसायचे, शेजाऱ्याचा पी.पी. नंबर असायचा. मला परक्याशी बोलायची भीती, म्हणून मी वाक्य कागदावर लिहून घेतलं आणि एका आजोबांच्या शेजारी फोन लावला. "दवाखान्यातून बोलतोय. आजोबांना उद्या दहाला पाठवा." एवढं वाचलं आणि घाबरून फोन ठेवून दिला.

आजोबांचा मुलगा त्या दिवशी परगावी गेला होता. शेजारणीने फक्त "दवाखान्यातनं" एवढंच नीट ऐकलं असावं. अर्ध्या तासात टेम्पो भरून माणसं आमच्या जिन्यात! पुढे एक बाई पदराने डोळे पुसत. मागे खुद्द आजोबा, काठी टेकत, सगळ्यात घाबरलेले.

"कोन गेलं?" त्यांनी मलाच विचारलं.

तेव्हापासून माझ्या कागदावरचं पहिलं वाक्य बदललं. अजूनही कुणालाही फोन केला की मी आधी म्हणतो, "काळजीचं काही नाही."

*

वारणानगरच्या एका साखर कामगाराची पाठ धरली होती. त्याला दर बुधवारी अकराची वेळ दिलेली. एक बुधवार तो वेळेवर, पुढचे दोन बुधवार फुली. पुन्हा एक बुधवार वेळेवर, पुन्हा दोन फुल्या. मी धीर करून त्याला म्हणालो, "तुम्ही जरा नियमित येत जावा."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "पावणं, आमची पाळी दर आठवड्याला बदलती की! मी नियमितच हाय. तुमचंच घड्याळ एका जागी अडकून बसलंय."

मी रजिस्टरमध्ये नवा रकाना आखला: पाळी.

*

उचगावच्या अक्कांचा खांदा आखडला होता. हात डोक्यापर्यंत जात नव्हता. मी त्यांना संध्याकाळी सातची वेळ दिली, तर ओळीने चार फुल्या. पाचव्या खेपेला आल्या त्या भांडायच्या तयारीनेच.

"सातला कोन येतंय? सातला धारा असत्यात!"

"घरात दुसरं कुणी धार काढत नाही का?" मी विचारलं.

"काढतंय की. पर म्हस माज्याबिगर कुनाला पान्हा सोडत न्हाय. सून बसली तर लाथ झाडती." मग माझ्या रजिस्टरवर बोट ठेवून म्हणाल्या, "माझा खांदा थांबंल, बाळ. म्हस थांबत न्हाय!"

डॉक्टरबाई आतून म्हणाल्या, "यांना पाचला घे. धारांच्या आधी." दुसरा रकाना आखला: धारा. पाचची वेळ अक्कांची, ती कुणाला द्यायची नाही, असं मी पेन्सिलीने समासात लिहूनही ठेवलं. त्यानंतर अक्कांच्या नावापुढे फुली पडली नाही.

*

एक उपाय मात्र फसला, आणि तो माझ्याच डोक्यातला होता. बाहेरच्या खोलीत एक फळा होता. मी त्यावर चुकलेल्या पेशंटांची नावं लिहायला सुरुवात केली. लाजेने तरी येतील असं वाटलं. पहिल्या आठवड्यात फुल्या खरंच कमी झाल्या. मी खूष.

मग एक दिवस एक शेतकरी आले. त्यांची मुलगी गुडघ्यासाठी यायची, दोनदा चुकली होती. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि टोपीनेच मुलीचं नाव पुसलं. टोपी झटकून पुन्हा डोक्यावर घातली.

"पोरगीला बघाय पावणं येनार हाईत," ते हळू आवाजात म्हणाले. "पाय बरा हुईल. फळ्यावरचं नाव बरं हुत न्हाय, बाबा."

मी सगळा फळा पुसला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

*

आता दत्तूआण्णा. आण्णा म्हणजे हेडी, जनावरांच्या बाजारातले दलाल. उजव्या अंगावरून वारं गेलेलं. पाय लवकर सुधारला, पण उजव्या हाताची मूठ वळली ती उघडेना. डॉक्टरबाई रोज एकेक बोट सोडवायच्या, ते पुन्हा मिटायचं. सहा महिन्यांतला दीड महिना आधीच गेला होता.

आणि आण्णा वेळ पाळायचे नाहीत! चार सांगितलं की साडेपाचला यायचे, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी. बऱ्याचदा यायचेच नाहीत. माझ्या रजिस्टरमध्ये सगळ्यात जास्त लाल रंग त्यांच्या नावापुढे होता.

शेवटी मी विचारलं, "आण्णा, चार म्हटलं होतं ना?"

"तुमी चार म्हनला, मी मनात सा धरलं. मधी कुठंतर जमंल म्हटलं!"

मला हसू आलं, पण आण्णा गंभीर होते. "पोरा, तोंडानं बोललेला आकडा म्हंजे नुसत्या गप्पा. बाजारात समद्यांच्या म्होरं भाव बोलत न्हाईत. रुमालाखाली हात घालायचा, समोरच्याची जेवढी बोटं धरली तेवढा आकडा. रुमालाखाली ठरलं की मोडत न्हाय. उभ्या जल्मात मी एक सौदा मोडला न्हाय."

मग आपल्या मिटलेल्या मुठीकडे बघत म्हणाले, "आता म्या बाजारात गेलो की लोक मला भाव तोंडानं सांगत्यात. दया येती त्यास्नी."

मी टेबलावरचा नॅपकिन उचलला, माझ्या हातावर टाकला आणि हात पुढे केला.

आण्णांनी डावा हात पुढे आणला. तेवढ्यात डॉक्टरबाई दारातून म्हणाल्या, "डावा नाही. उजव्याने ठरवा, आण्णा."

बराच वेळ गेला. शेवटी नॅपकिनखाली त्यांच्या मुठीत माझं एकच बोट शिरलं.

"एक," मी म्हणालो.

एक ही आमची दवाखाना बंद करायची वेळ. एक ते चार बाई घरी जेवायला जातात. मी त्यांच्याकडे बघितलं.

"सौदा झाला ना?" त्या म्हणाल्या. "मग लिही एक."

दुसऱ्या दिवशी एकच्या ठोक्याला आण्णा जिन्यात हजर! बाईंनी डबा दवाखान्यातच मागवला. पुढचे कितीतरी दिवस एक. मग एका सोमवारी दोन. दोनवर महिनाभर अडकलो. तीन आले तेव्हा आण्णांच्या कपाळावर घाम होता. चार आले आणि बाई पुन्हा घरी जेवायला लागल्या. या सगळ्या दिवसांत आण्णांच्या नावापुढे एकही फुली नाही.

चारवर मात्र गाडी थांबली. आठवडे गेले. सहा महिने संपायला थोडेच दिवस उरले होते. पाच म्हणजे अख्खा पंजा, आणि अख्खा पंजा धरायला मूठ पूर्ण उघडावी लागते.

त्या दिवशी अक्का लवकर आल्या होत्या, बाकावर बसून बघत होत्या. आण्णांनी आता स्वतःचा बाजारातला रुमाल आणला होता. तो आमच्या हातांवर टाकला. मी खाली बघत राहिलो. रुमाल हलला. थांबला. पुन्हा हलला.

"किती?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"पाच," मी म्हणालो.

बाईंनी चष्मा काढला. मी डाव्या हाताने रजिस्टर ओढलं. उजवा अजून रुमालाखालीच होता, आण्णा सोडत नव्हते. उद्याचं पान उघडलं. पाचपुढे अक्कांचं नाव होतं.

मी अक्कांकडे बघितलं.

"माझं नाव खोड," अक्का म्हणाल्या. "उद्या म्हस थांबंल."