नाखवा बाईंचा कॅमेरा

ईशा आणि निखिल,

तुमची आई परवा फोनवर सांगत होती की कॅमेऱ्यावरून तुम्हा बहीणभावांत आठवडाभर वाद चालला आहे. निखिलला खिशात मावणारा छोटा हवा, ईशाला लेन्स बदलता येणारा मोठा. शेवटी म्हणे तुम्ही ठरवलेत की आजीला विचारू. मला त्या यंत्रांतले फारसे कळत नाही. पण अगदी असाच वाद मी एकदा घातला होता, आणि त्यात मी चुकले होते. ज्यांच्याशी घातला त्या नाखवा बाई गेल्या वर्षी वारल्या. तुम्ही त्यांना कधी पाहिले नाही, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

ठाण्याच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत असे आणि त्या भूगोल. वर्गात शिरल्या की हजेरीच्याही आधी त्या नकाशा टांगत. एखाद्या मुलीने घडाघडा उत्तर म्हटले की त्या शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "बोट ठेव." नकाशावर बोट ठेवल्याशिवाय उत्तराला गुण नसत. शिक्षकांच्या खोलीतही तीच तऱ्हा. शनिवारची सुट्टी मंजूर झाली म्हणे, असे कोणी म्हटले की बाई वहीतून मान वर करून विचारत, "कुठल्या कागदावर?" अर्ध्या शिक्षकांना त्या आवडत नसत. पहिली दोन वर्षे मलाही आवडल्या नाहीत.

त्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात राहत. लग्न केले नव्हते; घरात त्या आणि त्यांची गोदामावशी. शाळेत अगदी पुस्तकी मराठी बोलणाऱ्या बाई घराच्या उंबऱ्याशी चप्पल काढताना भाषाही काढून ठेवत आणि मावशीशी कोळी बोलीत भांडत. घरामागे वाड्याचे सामाईक खळे होते. खळे म्हणजे मासळी वाळवायचे सारवलेले मैदान. पावसाळा संपला की तिथे जवळा, म्हणजे बारीक कोलंबी, पसरलेली असे आणि चाळीसेक बायकांची चूल त्यावर चाले.

नव्वद साल उजाडायच्या सुमारास त्या खळ्यावर संकट आले. ऐन श्रावणात कोणी सरकारी मोजणीदार येऊन गेला होता. पावसात मासळी वाळवत नाहीत, त्यामुळे त्याला गुडघाभर गवत दिसले आणि त्याने कागदावर लिहिले की जागा पडीक आहे. पडीक जागा इमारतींसाठी द्यायची होती. वाड्याने हरकत घेतली तेव्हा अधिकाऱ्यांनी कळवले की जानेवारीत आम्ही स्वतः पाहणी करू, फेब्रुवारीत सुनावणी होईल, तोवर वापराचा काही पुरावा असेल तर आणा. चाळीस बायकांकडे पुरावा म्हणून होता तो फक्त हाताला येणारा वास.

बाई म्हणाल्या, फोटो काढायचे. दसरा झाल्यावर आम्ही दोघी स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. दुकानदार छेडाशेठनी काचेवर दोन कॅमेरे मांडले. एक परदेशी, छोटा, सगळे आपोआप करणारा; बटण दाबले की काम झाले आणि फोटोच्या कोपऱ्यात तारीखही छापून येई. दुसरा कोणी विकलेला, वजनदार, लेन्सवर आकड्यांच्या कड्या असलेला. किंमत दोन्हींची सारखीच. मला प्रश्नच पडला नाही. पुरावा द्यायचा आहे, तारीख छापून मिळते आहे, मग आणखी काय हवे? बाईंनी छोटा कॅमेरा हातात घेऊन विचारले की ही तारीख येते कुठून.

"बेन, ती तर आपणच घालायची," छेडाशेठ म्हणाले आणि बटण टकटक दाबून त्यांनी आमच्यासमोर तीन वर्षांपूर्वीची दिवाळी आणून दाखवली.

बाईंनी तो कॅमेरा खाली ठेवला. मग त्यांनी शेठना सांगितले की मला एकाच फोटोत पायाशी पसरलेला जवळा, पलीकडची धक्क्याची पायरी आणि मागे पारसिकचा डोंगर, तिन्ही स्पष्ट हवेत, नाहीतर ते म्हणतील मासळी दुसरीकडची आहे. शेठ म्हणाले, मग मोठाच घ्या. छोटा स्वतःच्या मर्जीने एकावर नजर लावतो, मोठ्यात कडी सोळाच्या आकड्यावर फिरवली की जवळचे लांबचे सगळे येते. मी बाईंना बाजूला घेऊन म्हटले की तुम्ही जन्मात कॅमेरा धरलेला नाही, इथे चाळीस घरांचा प्रश्न आहे, शिकायला वेळ कुठे आहे. त्या म्हणाल्या, "साठे बाई, सोपं ते घेतलं आणि साहेबांनी एका वाक्यात उडवलं, तर मी मावशीला काय सांगू?" आणि त्यांनी मोठा घेतला.

त्यांची युक्ती मला नंतर कळली. तारीख खोटी घालता येते, पण खाडीचे पाणी कोणाला खोटे करता येत नाही. सरकार दरवर्षी भरतीच्या वेळांचे आणि उंचीचे पुस्तक छापते. बाई नेमक्या पूर्ण भरतीला फोटो काढणार होत्या. अमावस्येला पाणी वरच्या पायरीला लागते, अष्टमीला चार पायऱ्या खाली असते. फोटोतली पायरी मोजायची, पुस्तकाशी ताडायची. तारीख आणि वेळ वहीत लिहायचे काम माझ्याकडे आले, कारण माझे अक्षर त्यांच्यापेक्षा बरे होते.

डिसेंबरात छत्तीस फोटो पुरे झाले आणि रोल धुवायला दिला. शेठनी आम्हाला आत बोलावून फिल्म उजेडात धरली. या टोकापासून त्या टोकापर्यंत ती कोरी होती. फिल्म आतल्या दातांत अडकलीच नव्हती. बाई दोन महिने रिकाम्या कॅमेऱ्याने फोटो काढत होत्या. रस्त्यावर आल्यावर मी म्हटले की मी सांगितले होते. हे वाक्य मी आजही परत घेईन. थोडे चालून गेल्यावर बाईंनी विचारले, "त्या कॅमेऱ्याबरोबर इंग्रजी पुस्तिका होती. तुम्ही वाचाल का?"

मी त्याच दिवशी डोंबिवलीला घरी आल्यावर ती पहिल्या पानापासून वाचली आणि मराठीत उतरवून काढली. अकराव्या पानावर एक ओळ होती: फिल्म पुढे सरकवताना डावीकडची खुंटी फिरते आहे ना, ते पाहावे. ती पुस्तिका दसऱ्यापासून बाईंच्या घरात होती आणि इंग्रजी शिकवणाऱ्या मला ती मागायचे सुचले नव्हते. आता हातात पाच-सहा आठवडे होते. बाई प्रत्येक फोटोनंतर खुंटीकडे पाहत आणि मोठ्याने म्हणत, "फिरली." मी वहीत खूण करी.

दुसरा रोल संपायला आला आणि जानेवारीत साहेब पाहणीला आले, नेमके आमच्या सकाळच्या शाळेच्या वेळात. निरोप मिळाला तसा आम्ही वर्ग दुसऱ्यांवर सोपवून रिक्षाने निघालो. पोहोचलो तेव्हा गाडी नुकतीच गेली होती. मी खळ्याकडे पाहिले. जवळ्याचा एक कण नव्हता. बाई शाळेत गेल्यावर साहेब येणार अशी वर्दी आली, तशी बायकांनी सगळी मासळी टोपल्यांत भरून घरात नेली होती, खळे झाडून सारवून मधोमध रांगोळी काढली होती. साहेबांना खुर्ची दिली होती, सरबत दिले होते.

गोदामावशी कौतुकाच्या अपेक्षेने पुढे आली. म्हणाली, "पावन्याला घानीत उबा करू काय गो? कसा चकचकीत केला बग."

मला वाटले, आता बाई कडाडणार. त्यांचा हात कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर घट्ट आवळला होता. त्या रांगोळीकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "बेस केलास मावशे." मग आत जाऊन पाणी प्यायल्या. मी त्यांना इतके दमलेले पुन्हा कधी पाहिले नाही.

सुनावणीला साहेबांनी सुरुवातच तिथून केली. म्हणाले, मी स्वतः जाऊन आलो, एक मासा नव्हता, जागा मोकळी होती. मागे बसलेली मावशी ताडकन उठली. रांगोळी पाहून बाईंनी कसला राग गिळला होता ते तिला त्या क्षणी कळले असावे. ती तशीच उभी राहिली. कोणी बस म्हटले तरी बसली नाही.

बाईंनी फोटो मांडले, शेजारी फोटोंचा क्रम दिसावा म्हणून न कापलेली अखंड फिल्म, माझी वही आणि भरतीचे पुस्तक ठेवले. म्हणाल्या, कुठलाही एक फोटो तुम्हीच निवडा. साहेबांनी अमावस्येचा उचलला. पाणी वरच्या पायरीला होते, उंची जुळली. मग त्यांनी वेळ पाहिली आणि चष्मा काढला. पुस्तकात पूर्ण भरती बाराची होती, वहीत एकची.

"ही वही चुकीची आहे," ते म्हणाले.

अक्षर माझे होते. भरतीची वेळ बाई मावशीला विचारून ठरवत आणि मी ती टिपून घेई; पुस्तक शेवटी हाती आले आणि त्यातल्या वेळा मुंबई बंदराच्या असतात हे दोघींपैकी कोणी ताडून पाहिले नव्हते.

मागून मावशी म्हणाली, "सायेब, बारा वाजता भरला तो मुंबईचा पानी. तो चालत आमच्याकरं येवाला तासभर लागतो. तुमचा पुस्तक मुंबईन बसून लिवलाय."

कोणीतरी हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी दुसरा फोटो घेतला, मग तिसरा, चौथा. प्रत्येकात पुस्तक आणि वही यांत तासाभराचेच अंतर. पाचव्याला त्यांनी वही मिटली आणि स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "खोटी लिहायची असती तर पुस्तकातलीच वेळ लिहिली असती." मग मावशीकडे वळून त्यांनी विचारले की मी आलो त्या दिवशी मासळी कुठे होती. ती म्हणाली, "घरान. माज्या खाटेखाली." आणि खाली बसली.

आदेश यायला महिना लागला. त्या महिन्यात बाईंनी शाळेत एकही रजा घेतली नाही आणि माझ्याशी फोटोंविषयी एक शब्द बोलल्या नाहीत. कागद आला तेव्हा त्यांनी तो मला वाचायला दिला आणि म्हणाल्या, नीट वाचा, कुठे पळवाट आहे का पाहा. पळवाट नव्हती. जागा मासळी वाळवण्यासाठी वापरात आहे, असे लिहिले होते.

पुढे त्यांनी लग्नांचे, सहलींचे फोटो काढावेत असा पुष्कळांनी आग्रह केला. त्यांनी काढले नाहीत. एकदा मी कबूल केले की माझे ऐकून छोटा कॅमेरा घेतला असता तर पहिल्याच प्रश्नाला आपण हरलो असतो. त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही पुस्तिका वाचली नसती तर मोठा घेऊनही हरलो असतो. बोलू नका त्यावर." मावशी गेली त्या दिवशीही त्या रडल्या नाहीत, खळ्यावर जाऊन बसल्या एवढेच.

तर मुलांनो, कुठला घ्या हे मी सांगणार नाही. कोणाला काय दाखवायचे आहे ते आधी ठरवा आणि जो घ्याल त्याची पुस्तिका त्याच दिवशी वाचा.

मागच्या महिन्यात मी ठाण्याला गेले होते. कोळीवाड्याच्या तिन्ही बाजूंनी उंच इमारती झाल्या आहेत. खाडीत जवळा पूर्वीसारखा मिळत नाही, तो बाहेरच्या बंदरातून आणतात. पण खळे आहे, आणि त्यावर मासळी वाळत होती.