विहीणबाईंची टर्की

साऱ्या भंडारा जिल्ह्यात माणसांच्या आधी पाखरांची खुशाली विचारणारी एकच बाई आहे, आणि माझं नशीब असं की ती माझी विहीण आहे. माझी धाकटी लेक सुषमा एकोडीला त्यांच्या घरात दिली. सोयरीक जुळवताना मला सांगितलं होतं की घरी धानाच्या बांध्या आहेत, बोडीत, म्हणजे शेतातल्या तळ्यात, बाराही महिने पाणी असतं आणि सासू स्वभावानं गरीब आहे. टर्कीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. माझं साकोलीला जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. कोंबडीपासून म्हशीपर्यंत तालुक्यातलं निम्मं दुखणं माझ्या काउंटरवरून जातं. अशा माणसाच्या लेकीची सासू औषधाच्या पुडीला हात न लावता पाखरं वाढवते, आणि ती पाखरं जगतात, फुगतात, ऐटीत पिसारा काढून फिरतात, हे मी कसं सोसतो ते माझं मला माहीत.

पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तो दिवस विसरणं शक्य नाही. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात, आणि इवाई दारात आला की पाय धुवायला पाणी देण्याची रीत आहे. विहीणबाई स्वतः घमेलं घेऊन आल्या. पाणी गुलाबी होतं. वरमाईकडून एवढा मान! मी धोतर सावरून मोठ्या रुबाबात घमेल्यात उभा राहिलो. "उभेच राहा जी, हलू नका," त्या म्हणाल्या. मी हललो नाही. पुष्कळ वेळ झाला तेव्हा मी संकोचानं म्हणालो, "इहीनबाई, पुरे आता, किती मान देता!" तर त्या माझ्या चपला चुन्याच्या ट्रेमध्ये बुडवत म्हणाल्या, "मान नाई जी, पोटॅशियम आहे. तुमच्या दुकानात साऱ्या गावचे कोंबड्यावाले येतात. त्याईच्या पायचं दुखणं तुमच्या पायाले लागते, अन् तुमच्या पायचं माह्या पाखराईले." दोन दिवस माझी नखं मेंदी काढल्यासारखी दिसत होती. दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकानं विचारलंसुद्धा, "काकाजी, घरी कोनाचं लग्न होतं?"

टर्कीचं पिल्लू हा जगातला सर्वांत मठ्ठ जीव असावा. समोर दाणा असला तरी तो खायचा असतो हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं. विहीणबाई सांगतात. पाण्याच्या भांड्यात रंगीत काचेच्या गोट्या टाकतात, म्हणजे चमकलेलं पाहून ते चोच मारतं आणि चुकून पाणी पितं. ज्याला तेवढंही कळत नाही त्याला हातात घेऊन त्याची चोच पाण्यात टेकवतात आणि म्हणतात, "पे रे राजा, पे." माझ्या लेकीच्या बारशाला मी एवढ्या मायेनं कोणाशी बोललो नसेन. शेडमध्ये राइस मिलचं कोरडं तूस अंथरलेलं असतं. ते रोज मुठीत दाबून त्या हुंगतात. मुठीत गोळा झाला तर ओल आली, ते काढायचं, नवं टाकायचं. बसायला तणशीचे भारे, टोचायला दोरीनं टांगलेली पत्ताकोबी. इतर ठिकाणी पाखरं एकमेकांना टोचून रक्तबंबाळ करतात म्हणून त्यांच्या चोची कापतात. त्याबद्दल विचारलं तर त्या म्हणाल्या, "रिकामं बसलं की माणसंबी टोचतात जी. त्याईले काम देल्लं, जागा देल्ली." आणि माझ्याकडे असं काही पाहिलं की मी उगाच कोबी टांगायला मदत करू लागलो.

नर टर्कीची एक खोड आहे. मोठा आवाज झाला की सगळे एकदम गळा काढून गुडगुडगुड ओरडतात. मला वरच्या पट्टीत बोलायची सवय. त्यामुळे एकोडीत माझं एकही वाक्य आजवर पूर्ण झालेलं नाही. एकदा मी पक्ष्यांच्या रोगांवर चांगलं अर्धा तास बोलायचं ठरवून गेलो होतो. पहिल्याच वाक्याला चाळीस गळ्यांनी उत्तर दिलं. विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचं बोलणं त्याईले पटलं जी."

सोयरीक झाल्यावर सुरुवातीलाच मी अँटिबायोटिक पावडरचं एक खोकं भेट म्हणून नेलं होतं. "पाण्यात टाकत जा. दुखणं येणारच नाही."

"कोणतं दुखणं?"

"कोणतंही."

"मंग दुखणं नसताना औषध कायले? मी तुमाले रोज गोळी देल्ली तं खासाल का तुमी?"

मी रक्तदाबाची गोळी रोजच खातो, पण ते त्या वेळी सांगण्यासारखं नव्हतं. पुढच्या खेपेला गेलो तर माझ्या पुड्या कपाटावर जशाच्या तशा होत्या आणि खोक्यात तूस घालून तीन अशक्त पिल्लं बसवली होती. "खोकं बेस आहे जी," त्या म्हणाल्या. माझ्या दुकानातल्या कुठल्याही मालाची त्यांनी केलेली ही एकमेव तारीफ.

पण खरं सांगायचं तर पोटात दुखायचं ते पावडरीमुळे नव्हे. सुषमा लहानपणी दुकानात पाय ठेवायची नाही. औषधांच्या वासानं डोकं दुखतं म्हणायची. आणि आता तीच पोरगी सकाळी सासूच्या शेजारी शेडमध्ये पाटावर बसते. दोघी अर्धा तास काहीच करत नाहीत, नुसत्या पाहतात. कोण दाण्यावर आलं नाही, कोण पंख पाडून उभं आहे, कोणाचा श्वास वाजतो. सासूला ती आई म्हणते; मला फोन आला की तोंडात एकच: "बाबा, आईनं आज नुसतं पाहून दुखणं ओळखलं." मी ओळखलेल्या दुखण्यांची यादी केली तर वही भरेल. पण ती वही कोणी मागितली नाही.

मग एका वर्षी भादव्यात आठ दिवस झड लागली. शेडच्या मागच्या कोपऱ्यातला एक पत्रा सरकला होता, तिकडून पाणी झिरपलं आणि ते वेळेवर कोणाच्या लक्षात आलं नाही. अकरा पाखरांचे डोळ्यांखालचे भाग सुजले, नाकं वाहू लागली. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर पाहून गेले आणि त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी घेऊन विहीणबाई माझ्या दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिल्या, तेव्हा मला जो आनंद झाला त्याची आजही लाज वाटते.

"शेवटी इथंच यावं लागलं ना?" मी म्हणालो.

"चूक माही आहे," त्या म्हणाल्या. "पत्रा मी पाह्यलाच नाई. माह्या चुकीपायी त्याईले कायले मारू? बरं असताना औषध देणं वाईट, आन् आजारी पडल्यावर नाई देणं त्याच्याहून वाईट."

मी बाटली काढली. त्यांनी विचारलं, "हे त्याईच्या अंगात किती दिवस राहते जी? केव्हापर्यंत कोणाले खाऊ देऊ नये?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. मला चष्मा शोधून बाटलीसोबतचा कागद पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचावा लागला.

दोन गेली, नऊ वाचली. त्या नऊंना वेगळ्या खणात ठेवून त्यांच्या पायांत निळे धागे बांधले. डिसेंबरात नागपूरच्या एका हॉटेलचा माणूस गाडी घेऊन आला. औषधाशिवाय वाढवलेली टर्की म्हणून त्यानं सगळा माल आधीच बोलून ठेवला होता. मीही त्या दिवशी तिथं होतो. कागदावरची मुदत केव्हाच सरली होती, नऊही पाखरं ठणठणीत होती. मी विहीणबाईंना बाजूला घेऊन हळूच म्हणालो, "धागे कापून टाका. कोणाला कळणार आहे?"

"इवाई, पोरगी देताना तुमी काही लपवलं होतं का?"

लपवलं होतं. सुषमाला धड भात शिजवता येत नाही हे धानाच्या मुलखातल्या सोयऱ्यांना मी सांगितलं नव्हतं. सुषमा मागेच उभी होती. ती तोंडाला पदर लावून हसायला लागली.

विहीणबाईंनी त्या माणसाला सगळं सांगितलं. पत्रा, सूज, औषध, धागे. त्याचा चेहरा पडला. नऊ तर त्यानं सोडलीच, पण बाकीच्यांवरही त्याचा विश्वास डळमळला आणि निम्मीच पाखरं न्यायला तो तयार झाला. मी मनात म्हटलं, झालं, खरेपणाचं फळ. विहीणबाई एवढंच म्हणाल्या, "तुमाले संशय आहे तं नका नेऊ जी." राहिलेली पाखरं सुषमानं फोनवर बोलून बोलून एकेक-दोनदोन करून भंडाऱ्याला, पवनीला विकली, आणि निळ्या धाग्याचं पाखरू घेणाऱ्या प्रत्येकाला तेच सारं पुन्हा सांगितलं. पुढच्या दिवाळीनंतर तोच माणूस परत आला म्हणतात. पण ते त्या दिवशी कोणाला ठाऊक होतं?

त्या दिवशी गाडीवाल्याला घाई होती. पाय धरून उलटी लटकवली असती तर घटकाभरात काम झालं असतं. विहीणबाईंनी त्याला हात लावू दिला नाही. एकेक पाखरू पंख मिटवून कुशीत घेतलं, छातीशी धरून क्रेटपर्यंत नेलं, आत ठेवलं. दुपार सरली. गाडीवाला हॉर्न वाजवायचा आणि आतली पाखरं त्याला इमानानं उत्तर द्यायची.

गाडी साकोलीच्या वाटेला लागली. विहीणबाई शेडच्या रिकाम्या झालेल्या अर्ध्या भागात जाऊन तुसावर बसल्या. रडल्या वगैरे नाहीत; पदरानं डोळे तेवढे पुसले. सुषमा त्यांच्या शेजारी बसली आणि तिनं त्यांचा हात हातात घेतला. मी दारात उभा होतो. मोठ्यानं काही बोलावंसं वाटलं नाही.

मी आयुष्यभर दुकान चालवलं. हजारो जनावरांचं औषध माझ्या हातून गेलं. त्यातलं एखादं बरं झालं की नाही हे विचारायला मी कधी कोणाच्या गोठ्यात गेलो नाही, आणि कुठलं जनावर गेलं म्हणून माझे डोळे कधी ओले झाले नाहीत. दाराशी पुन्हा गुलाबी घमेलं ठेवलेलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, तरी मी त्यात पाय बुडवले आणि आत जाऊन त्या दोघींपासून थोड्या अंतरावर बसलो.