टेबलाखालचा हात

साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात, बसा म्हटलं की खुर्चीवर न बसता खुर्चीखाली शिरणारा माणूस एकच, माझे थोरले मेव्हणे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या घडणीचं, साहेब लोकांनी जाताना लिलावात विकलेलं सामान तेव्हा बऱ्याच घरांत होतं आणि ज्याचं त्याचं म्हणणं, आपलं लंडनचं. मेव्हण्यांना ते पटत नसे. ते उताणे पडत, डोळे मिटून लाकडाचा वास घेत आणि दूर कुठल्या तरी अंगणातली करवत ऐकू आल्यासारखे हसत. बाहेर येऊन म्हणत, "सागवान आपलं, अन् हातबी आपलाच." मग त्या घरी दुसरा चहा मिळत नसे. काही ठिकाणी त्यांना खालच्या फळीवर शेंदराचा छापा सापडला होता. दसऱ्याला हत्यारं पुजताना सुतार हातातल्या कामावरही पंजा उमटवतो. या पंजाला बोटं मात्र चारच. त्या माणसाचं नाव कळावं, एवढाच ध्यास. जेवताना मध्येच थांबून ते ताईला विचारत, कोणतं बोट गेलं असेल? ताई म्हणे, वरण सांडून राह्यलं तुमचं.

भाचीचं लग्न आर्णीला जमत होतं. बसच्या वेळांपासून बोलण्यांपर्यंत सगळं मी ठरवलं होतं आणि टेबलाखाली न जाण्याचं वचन ताईनं घेतलं होतं. आर्णीला त्यांच्या घरी बसलो, तर मुलाच्या वडिलांनी मेजावर थाप मारून ते अस्सल लंडनचं असल्याचं सांगितलं. मेव्हण्यांनी चहा संपेपर्यंत दम धरला. मग बशी ठेवायला वाकले ते वर आलेच नाहीत. त्यांचे पाय दिसत होते आणि ताईचा चेहरा.

"लंडनचं नाही," खालून आवाज आला. "हेबी त्याचंच. चार बोटं."

मुलाच्या वडिलांनी आमची परतीची बस कितीची, ते विचारलं.

तेवढ्यात दाराशी बसलेली मुलाची आजी म्हणाली, "खरं बोलून राह्यले व्याही. आपल्याच आंगनात बसून केलं ते सोनबा वाढईनं, सायबासाठी. करंगळी नव्हती त्याले. सायब गेला तवा तुह्या बापानं घेतलं."

"माय, मंग इतके दिवस काहून नाही सांगतलं?"

"तुले लंडनचंच पाह्यजे होतं." मग मेव्हण्यांच्या पायांकडे पाहून ती म्हणाली, "इतकं नीट पाहून बोलनाऱ्याची पोरगी करा."

लग्न ठरलं. परतताना मी आणि ताई मांडव, वाजंत्री, आचारी ठरवत होतो. मेव्हणे कापसाच्या शेतांवरून उतरत जाणारं ऊन पाहत होते. ओठ हलत होते. ते सोनबाचं नाव पुटपुटून पाहत होते.

"भाऊ," ते हळूच म्हणाले, "त्या सायबानं त्याले एकदा तरी नावानं बोलावलं असंल काय?"

कोणत्या आचाऱ्याला सांगायचं होतं, ते यवतमाळ येईपर्यंत मला आठवलं नाही.