चटक्यांचं घर

“बाटली खाली ठेवा म्हणते ना मी!”

“नाही ठेवणार. अंगठा माझा, बाटली माझी.”

“आणि पट्टी कोण बदलणार? मीच ना?”

सकाळचे सात वाजले होते. बेसिनपाशी सासरा आणि सून समोरासमोर उभी. सासऱ्याने उजवा अंगठा असा उंच धरला होता, की जणू शर्यतच जिंकून आला आहे. सून दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीत काम करते, दिवसाला तीस-चाळीस जखमा धुते. पण ते दवाखान्यात. घरातल्या जखमा सासऱ्याच्या अखत्यारीत.

सासरा फ्रेमवाला. खाली दुकान, वर घर. चाळीस वर्षं काच कापतो आहे, म्हणजे चाळीस वर्षं काचही त्याला कापते आहे. त्यावर त्याचा इलाज ठरलेला: आधी पेरॉक्साइड, त्यावर स्पिरिट. पेरॉक्साइड ओतलं की जखमेवर पांढरा फेस उसळायचा आणि त्याचा चेहरा उजळायचा. “बघ, बघ! जंतू कसे तडफडतायत!” समोरचा माणूसही तडफडत असायचा, पण तिकडे त्याचं लक्ष नसे. गल्लीत कुणी सायकलवरून पडलं की हा त्याला हाताला धरून दुकानात आणायचा. पुढे पुढे पडलेली माणसं त्याच्या दुकानासमोरून लंगडत नाही, तर ताठ चालत जाऊ लागली. गल्लीने त्याचं नाव ‘झोंबरे डॉक्टर’ ठेवलं होतं. त्याला तो मान वाटायचा.

“या घरात चाळीस वर्षांत एक जखम पिकली नाही,” हे त्याचं आवडतं वाक्य. आणि ते खरंही होतं.

पण आता अकरा दिवस झाले, अंगठ्याची जखम मिटायचं नाव घेत नव्हती. भिंतीला लावलेली मोठी काच उतरवताना निसटली, फुटली आणि अंगठ्याला चिरत गेली. तेव्हापासून दिवसातून तीनदा फेस, तीनदा स्पिरिट. जखमेच्या कडा पांढऱ्याफटक पडल्या होत्या. कटर धरून जरा जोर दिला की रक्त. डाव्या हाताने कापून पाहिलं, तर रेघ अशी वाकडी गेली की ती काच त्याने बायकोच्या नजरेला पडण्याआधी कचऱ्यात टाकली. शाळेच्या सभागृहाच्या अठरा फ्रेम तशाच पडून होत्या. काल शाळेतून फोन आला होता: गुरुवारपर्यंत जमत नसेल तर मशीनवर कापणाऱ्याला देतो. त्याच्या दुकानातून काम परत गेल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. काल रात्री तो अर्ध्या ताटावरून उठला. त्याच्या बाबतीत हे तापापेक्षा काळजीचं.

“बाबा, तो फेस नुसत्या जंतूंना नाही मारत,” सून म्हणाली. “खालून नवी कातडी धरायला बघते, तिलाही खातो. तुम्ही दिवसातून तीनदा पेरलेलं उकरून काढताय.”

“मग लावू काय?”

“काही लावू नका. नळाचं वाहतं पाणी, पाच मिनिटं. मग स्वच्छ पट्टी. आणि आज माझ्याबरोबर चला, डॉक्टरांना दाखवू, आत काचेचा कण राहिला असेल तर.”

“पाणी! अगं, पाण्याने भाजी धुतात. दाखव मला पाण्याने बरी झालेली एक जखम. तुझ्या दवाखान्यातली नको. या घरातली दाखव.”

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. सासूबाई हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी डावा तळवा नवऱ्यापुढे धरला. तर्जनीच्या मुळाशी गुलाबी, बारीक रेघ होती.

“हे काय?”

“तीच काच. तुम्ही अंगठा धरून नाचत होतात, तेव्हा तुकडे कुणी गोळा केले?”

“तू तर चटका बसला म्हणाली होतीस!”

“म्हणाले होते.”

चटक्याला बाटली लागत नाही, हा त्याचाच नियम. तो मागे जात जात एकेक चटका आठवू लागला.

“डब्याच्या झाकणाचा?”

“कापलं होतं.”

“आणि पोराच्या लहानपणी त्याच्या गुडघ्याचा?”

“तेव्हा मला वाटलं, आता पकडले जाणार. गुडघ्याला चटका कसा बसेल? तर तुम्ही म्हणालात, इस्त्री जागेवर ठेवत जा.”

त्याने सुनेकडे पाहिलं. सून खाली बघत म्हणाली, “मला लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं होतं आईंनी. आधी नळ, मग चटका.”

बायकोला गॅस धड वापरता येत नाही, असं तो तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आला होता. तिच्यासाठी त्याने जाड हातमोज्यांचे तीन जोड आणले होते. तिन्ही खणात नवेकोरे पडून होते.

“एवढी भीती वाटायची त्या बाटलीची?”

“बाटलीची कसली भीती? फेस आला की तुम्ही इतके खूश व्हायचात. नको म्हणायला जीभ वळायची नाही.”

बायकोचा तळवा त्याने खिडकीशी नेला आणि उजेडात तिरका धरला, फ्रेमचा सांधा तपासतात तसा. रेघेवरून हलकंच नख फिरवलं. कुठे फट नव्हती. या हाताने लग्नानंतरची पाच वर्षं त्याच्या शेजारी बसून काच कापली होती. मुलगा झाला आणि दुकान सुटलं. तिची रेघ त्याच्यापेक्षा सरळ जायची, हे त्या दोघांनाच माहीत होतं.

मग तो बेसिनपाशी गेला आणि त्याने अंगठा नळाखाली धरला. सुनेने घड्याळ लावलं.

“झोंबत नाहीये,” दुसऱ्या मिनिटाला त्याने तक्रार केली.

“झोंबणार नाहीच.”

“मग कळायचं कसं, काम चाललंय ते?”

“जखम मिटली की कळेल.”

पाच मिनिटं झाली. सुनेने पट्टी बांधली. त्याने दोन्ही बाटल्या उचलून काखेत धरल्या, दाराशी गेला आणि वळला.

“या दोन्ही दुकानात राहतील, काच पुसायला,” तो म्हणाला. “मी दवाखान्यातून आलो की शाळेच्या अठरा काचा ही कापणार, मी मापाची पट्टी धरणार. कुणाला लागलं तर नळाखाली धुवायचं. आणि आजपासून या घरात कुणाला चटका बसणार नाही.”