बाभळीखालची पात

जिजाबाई पहाटे चारला उठते. साडेपाचपर्यंत पाणी, भाकरी, डबा. सहाला बायांची टोळी घेऊन शेतावर. निंदण असो की वेचणी, वेळ तीच. मी सिंदी रेल्वे या गावच्या जिनिंगमध्ये तेहतीस वर्षं कापसाच्या गाठी उचलल्या. कोण काम करतं आणि कोण कामाचा आव आणतं, हे मला लांबून कळतं. जिजाबाई काम करते.

शेतात प्रत्येक बाईच्या वाट्याला कपाशीची एक ओळ येते. तिला पात म्हणतात. धरलेली पात शेवटपर्यंत न्यायची. मध्येच सोडून सोपी ओळ धरली, तर बाया दिवसभर नाव ठेवतात.

तिची एकुलती एक मुलगी अपेक्षा वर्ध्याला नर्स आहे. केळझरची माधवी तिथेच शाळेत शिकवते. दोघी पाच वर्षं एका खोलीत राहतात, मैत्रिणी म्हणून नाही, जोडीदार म्हणून. अपेक्षाने हे सांगितलं तेव्हा जिजाबाईने हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग विचारलं, "सैपाक कोन करते?"

"दोघी."

"मंग बरं आहे."

२०२३च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, अशा लग्नाला मान्यता द्यायची तर कायदा संसदेने करावा. वर्ध्यातल्या अपेक्षा-माधवीच्या गटाने खासदारांसाठी निवेदन लिहिलं आणि गावोगाव सह्या घ्यायचं ठरवलं. आमचं गाव जिजाबाईने मागून घेतलं. तिला मुलीचं लग्न स्वतःच्या दारात लावायचं होतं.

अपेक्षा म्हणाली, "माय, लोक हासतीन. आमी नागपूरले मित्रायमंधी करतो."

"सही करनारा मानूस हासत नाई," जिजाबाई म्हणाली.

तिचं अंगण लहान. आमच्या ओळीत कोणाचंही लग्न असलं की मांडव शेजारच्या अंगणात पसरतो. शेजारचं अंगण लक्ष्मणरावांचं. ते चार माणसांत बोलले होते, "माह्या अंगनात मांडवाची एक बल्ली गाडू देनार नाई."

सह्यांसाठीही ती पात धरल्यासारखीच निघाली. कामावरून आली की रोज एक गल्ली. एकही घर सोडायचं नाही. मी सोबत जाई, अंगठ्याच्या शाईची डबी माझ्याकडे असे.

पानठेलेवाला चिंधू म्हणाला, "जिजामाय, असं झालं तर उद्या माह्या बकऱ्या बी लग्न मांगतीन."

"पहिले त्यायले सही करता येऊ दे."

ठेल्यावरचे सगळे हसले. चिंधूने सही केली आणि मला फुकट पान दिलं. जिजाबाई पान खात नाही.

तीन आठवड्यांत तीनशेच्या वर सह्या झाल्या. एक घर उरलं, लक्ष्मणरावांचं. अपेक्षाने फोन केला, "सोड ना माय ते घर. झाल्या तेवढ्या लय झाल्या."

"पात अर्धी सोडू काय?"

पहिल्या वेळी लक्ष्मणराव ओट्यावरून उठून आत गेले. दुसऱ्या वेळी म्हणाले, "दोन्ही नवऱ्याच. मंग वरात कोन कोनाच्या दारात नेईन?"

"तुमच्या दारातून माह्या दारात. दहा पावलं. डिझेल वाचते."

आतून त्यांची बायको हसली. ते त्यांना जास्त लागलं. सही झाली नाही.

मग त्यांचा पाच एकर कापूस फुटला आणि वेचायला माणूस मिळेना. टोळी होती ती जिजाबाईची. बाया म्हणाल्या, "पहिले सही कर म्हन त्यायले, मंगच जाऊ."

"कापसाचं काय चुकलं?" जिजाबाई म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सहाला त्यांच्या वावरात उभी राहिली. मजुरी नेहमीची घेतली. एक रुपया कमी नाही, जास्त नाही.

बैलबंडीत कापूस दाबायला मी गेलो होतो. सवय जात नाही. बांधाकडची पात बाभळीखाली होती. तिथे काटे, म्हणून ती कोणी धरत नाही. जिजाबाईने धरली. शेवटच्या दिवशी चार वाजता पूर्ण केली. पायाला फडकं बांधलेलं. लक्ष्मणरावांनी तिच्या गाठोड्यातून ओंजळभर कापूस काढला, उलटसुलट पाहिला. त्यात काडी नव्हती की पानाचा चुरा नव्हता.

"कागद आनला काय?" त्यांनी विचारलं.

"कामावर नाई आनत. संध्याकाळी येतो."

संध्याकाळी त्यांनी चष्मा लावून निवेदन पहिल्या अक्षरापासून वाचलं. गावात पूर्ण वाचणारे ते एकटेच. मग सही केली.

"मले हे अजून समजत नाई, जिजा. पन बल्ल्या भाड्यानं आनू नको. माह्या घरी पडल्या आहेत."

फेब्रुवारीत लग्न झालं. दोघी पांढऱ्या साडीत. आधी बुद्धवंदना, मग माधवीचे वडील बाबाराव यांच्या हट्टासाठी अंतरपाट. वरात दहा पावलांची. चिंधूच्या नाचामुळे तिला पाऊण तास लागला. सरकारी नोंद नाही. निवेदन दिलं, पोच मिळाली, उत्तर यायचं आहे. जिजाबाईने आता शेजारचं गाव धरलं आहे.

एक घोळ मात्र झाला. आमच्याकडे आंदण नवरीच्या घरचे देतात. इथे दोन्ही घरं नवरीची, आणि कोणी कोणाला विचारलं नाही. बाबारावांनी टेम्पोतून लोखंडी आलमारी आणली. जिजाबाईनेही सिंदीहून आलमारीच आणली. रंगही तोच.

"एक परत करता येईन," बाबाराव म्हणाले.

"करा ना तुमची," जिजाबाई म्हणाली.

कोणीच केली नाही. वर्ध्याच्या खोलीत दोन्ही चढवल्या. चौघं लागले, एक मी. आता खोलीचं दार पूर्ण उघडत नाही; दोघी तिरप्या होऊन आत जातात. जिजाबाईच्या आलमारीत खाली साड्या आहेत, वरच्या कप्प्यात सह्यांची झेरॉक्स. तीन हंगामांच्या वेचणीची मजुरी या आलमारीत गेली. तिला आरसा आहे. बाबारावांच्या आलमारीला नाही.